अंगणातली लादी

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात वेसाव्याच्या सगुणाने दशरथला मजुरीवर बोलावलं, ते अंगणातला बर्फ फोडायला.

तिचा नवरा लहू बोटीवर गेला, त्या सकाळी मासळीसाठी आणलेल्या बर्फाची एक लादी अंगणात उरली होती. बोट अजून परतली नव्हती, आणि लादी वितळली नव्हती. शेजारी उन्हात बोंबील वाळून कडक झाले, पण लादीतून थेंब गळला नाही.

"फोड आणि खाडीत टाकून ये," सगुणा म्हणाली. "ही इथे आहे तोवर तो यायचा नाही."

"वहिनी, माझ्या आधीचे दोघे का पळाले?"

"पाया पडते रे तुझ्या. फोड!"

दशरथने पहारीचे घाव घातले. बर्फाचा टवकाही उडाला नाही. शेवटी दमून त्याने पहार भिंतीला टेकवली.

ठकठक थांबली नाही.

आता ती लादीच्या आतून येत होती. हळूच दोनदा, मग जरा थांबून एकदा. म्हाताऱ्या आईची झोप मोडू नये म्हणून लहू दारावर तसंच वाजवायचा.

दशरथ पहार टाकून पळाला.

सगुणा पदर सावरत उठली. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आले, आले. उघडते."