बसून राहण्याचं काम

सासरेबुवांना त्यांच्या लेकीने मुद्दाम पहिल्या रांगेतलं, अगदी कडेचं तिकीट काढून दिलं होतं. तिथून रंगमंच निम्माच दिसायचा, पण रंगमंचापुढचा वादकांचा खड्डा मात्र पुरता दिसायचा. खड्डा कसला, बोळच तो. त्यात बारा माणसं, बारा स्टँड, आणि ड्रमच्या कुशीत खुर्ची कोंबून बसलेला त्यांचा जावई.

सासरेबुवांच्या खिशात गोदामातल्या नोकरीचा अर्ज होता. जुन्या साहेबाच्या मिनतवाऱ्या करून मिळवलेला. जावयाची सही तेवढी बाकी होती. नाटक संपलं की विषय काढायचा, हे घरून निघतानाच पक्कं झालं होतं.

"दोन तासांच्या नाटकात जावईबापू वीस मिनिटं पिपाणी वाजवतात," ते लेकीच्या कानाशी म्हणाले. "बाकी वेळ नुसते बसून. याला काम म्हणायचं?"

"बाबा, हळू बोला. पिपाणी नाही, ट्रंपेट. सकाळी एक प्रयोग झालाय त्यांचा, ओठ फुटलाय. आणि खरी परीक्षा शेवटी आहे. नव्वद वेळा चार-चार मोजत गप्प बसायचं आणि मग एकच सूर लावायचा. उंच, पण अगदी हळू. त्या सुरावरून बाई गाणं उचलतात. तो फाटला की बाईंचंही गाणं फाटलं."

सासरेबुवांनी "हं" केलं. त्यांचं "हं" घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते होकाराचं कधीच नसे.

पहिल्या अंकात ट्रंपेटने कानठळ्या बसवल्या. जावयाच्या मानेच्या शिरा तटतटून फुगल्या. मग त्याने मांडीवरच्या टॉवेलातून पत्र्याची एक वाटी काढून ट्रंपेटच्या तोंडात बसवली आणि तोच आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा दबका झाला. काम झाल्यावर वाटी पुन्हा टॉवेलात. ती जमिनीवर पडली असती तर नायकाच्या मरणात खणखणाट झाला असता. शेवटी त्याने एक कळ दाबून पायाशी पसरलेल्या कागदावर पाण्याचे थेंब पाडले.

"थुंकी," सासरेबुवांनी तोंड वाकडं केलं.

"श्वासाचं पाणी आहे ते, बाबा."

शेवटचा प्रवेश आला. रंगमंचावर बाईंचं मोठं भाषण सुरू झालं, खाली व्हायोलिनं मंद वाजू लागली. जावई गप्प. गुडघ्यावर त्याची चार बोटं एकेक करून टेकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून. नजर मात्र वाद्यवृंद चालवणाऱ्या माणसाच्या हातावर खिळलेली. मधूनच तो ट्रंपेट ओठांना लावायचा, पण आवाज काहीच यायचा नाही.

"हे नुसती फुंकर काय मारतात?"

"ट्रंपेट थंड पडलं की सूर उतरतो. म्हणून ऊब देत राहायची."

यावर सासरेबुवांनी "हं" केलं नाही. तीस वर्षं त्यांनी बंदरात क्रेन चालवली होती. थंडीच्या दिवसांत माल यायच्या आधी ते अर्धा-अर्धा तास इंजिन रिकामं फिरवत ठेवत. वर केबिनमध्ये बसून त्यांचीही नजर अशीच खालून इशारे करणाऱ्या माणसाच्या हातावर असे. आणि खालून जाणारे येणारे म्हणत, मजा आहे बुवा याची, दिवसभर खुर्चीत बसून असतो. त्या वेळी त्यांना किती राग यायचा! ते जरा पुढे सरकून बसले.

आणि नेमक्या त्या वेळी बाई भाषण विसरल्या. मधला अख्खा तुकडा गाळून त्या थेट शेवटच्या वाक्यावर आल्या. वाक्य संपलं. आता सूर यायला हवा होता. व्हायोलिनवाल्याचा गज हवेतच राहिला. बाई दिव्याच्या झोतात उभ्या, ओठ विलग, सुराची वाट बघत. जावयाची मोजणी अजून निम्म्यावरही आली नव्हती. वाद्यवृंद चालवणाऱ्याने मोजून-बिजून काही दाखवलं नाही, फक्त त्याच्याकडे वळून भुवया उंचावल्या.

सासरेबुवांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. जड ओझं दाणकन आपटायला अक्कल लागत नाही. ते वरून आणून, खालच्या अंड्यालाही तडा जाणार नाही असं टेकवणं, त्याला आयुष्य जातं. हे त्यांच्याइतकं त्या नाट्यगृहात कुणाला कळत होतं?

जावयाची बोटं गुडघ्यावरून उठली. फुटलेल्या ओठांना ट्रंपेट लागलं. आणि सूर आला. कुठून सुरू झाला तेही कळू न देता आला, उंचावर गेला आणि तिथे अलगद टेकला.

बाईंनी तो उचलला आणि गायल्या. लोकांना काही म्हणता काही कळलं नाही. पडदा पडल्यावर बाईंना तीनदा पुढे यावं लागलं, इतक्या टाळ्या पडल्या. खड्ड्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सासरेबुवा मात्र उभे राहून, रंगमंचाकडे पाठ फिरवून, खड्ड्याच्या दिशेने टाळ्या वाजवत होते.

गर्दी ओसरल्यावर ते कठड्यापाशी गेले. खाली जावई ट्रंपेट पुसत होता. खालचा ओठ सुजून टरटरला होता.

"बाबा, तुम्हाला माझ्याशी काहीतरी बोलायचंय म्हणे," तो म्हणाला. बोलताना त्याने कळ दाबली आणि पायाशी पाहिलं. तिथल्या कागदाचा भिजून पार लगदा झाला होता.

सासरेबुवांनी खिशातला अर्ज काढला, घडी मोडून सरळ केला आणि कठड्यावरून वाकून त्याच्या पायाशी पसरला.

"पाणी याच्यावर पाडा," ते म्हणाले. "जाड आहे. दोन प्रयोग सहज निघतील."