फरशीचं विरजण

दार उघडताच फिनाईलचा वास नाकात शिरला आणि शलाकाच्या हातातली पिशवी गळून पडली. सासूबाई पदर खोचून, लढाई जिंकल्यासारख्या उभ्या होत्या.

"काय ती बुळबुळीत फरशी! गावाहून जपून आणलेली फिनाईलची बाटली होती, तिने काढली फरशी घासून."

"आई, ती बुळबुळ जिवंत होती. तीच धूळ खायची, म्हणून तर इराची धाप थांबली होती."

"पण स्वच्छ घराला वास नको का गं?"

थर मरून फरशी करडी पडली होती आणि आतल्या खोलीत लेक इरा पुन्हा खोकू लागली होती. शलाकाने वाटी उचलली. शेजारच्या दमयंतीवहिनींच्या फरशीवरून चमचाभर थर खरवडून आणायचा, पाण्यात कालवून शिंपडायचा, की विरजण लावल्यासारखा रात्रीतून नवा थर धरतो.

वहिनींनी दार उघडलं आणि तोच वास बाहेर आला.

"विरजण? अगं, मीही आत्ताच पुसून काढलं. तुझ्या सासूबाईंनी उरलेली बाटली दिली ना," वहिनी खुशीत म्हणाल्या. "घर कसं घरासारखं वाटतंय. तू वरच्या मजल्यावर विचार. पण लवकर जा, बाटली नुकतीच वर गेलीय."