आत्याच्या अंगातली देवी

डॉक्टरांनी कागदावर आमची वंशावळ काढायला घेतली. "मुलाला आहे तसा स्किझोफ्रेनिया घराण्यात आणखी कुणाला होता?"

"आमच्यात कुणाला नाही," सासूबाई म्हणाल्या. "हे हिच्या माहेरचं रक्त."

सहा वर्षं ऐकत होते. आज पोरासमोर ऐकवेना. "आणि तुमच्या नणंदबाई? त्यांना आवाज ऐकू यायचेच की!"

"जीभ आवर! तिच्या अंगात देवी यायची. गाव ओटी भरायचं तिची."

"आणि तुम्ही तिला माळ्यावर कोंडायचात."

"आजी, हे दोन्हीकडून येऊ शकतं, अनेक जनुकांतून," डॉक्टर म्हणाले. "दोष कुणाचाच नाही."

तेव्हा कुठे नवऱ्याला कंठ फुटला. "लिहा, डॉक्टर. आत्यानं विहिरीत उडी घेतली, ती मी पाहिलीय. मला सगळं ठाऊक होतं."

सासूबाईंवरचा राग मी विसरलेच.

"ठाऊक होतं," मी त्याला म्हटलं, "आणि सहा वर्षं मला ऐकून घेऊ दिलंस?"