धाकलीचा पंखा

स्पर्धेचा विषय आहे: सरकारनं सगळ्यांनाच दरमहा ठरावीक पैसे द्यावेत का? शहाणी माणसं म्हणतात, सगळ्यांना कशाला, गरीब शोधून त्यांनाच द्या. भिवंडीजवळ, वळ गावापुढच्या आमच्या गावात २००२ साली असेच गरीब शोधले होते. यादीत नाव लागलं की स्वस्त धान्य आणि घरकुल मिळणार होतं. मी तेव्हा घरात नवी सून होते. त्या शोधाचे हे मोजून शंभर शब्द.

गरिबांच्या यादीसाठी पाहणीवाला साहेब येणार होता. आदल्या दिवशी सासऱ्यांनी आमच्या शेतावर राबणाऱ्या धाकलीला बोलावलं. “सायेब पयल्यांदा तुज्या झोपडीत येतोय. घाम पुसत बसवशील? आपला पंखा ने.” धाकलीला भरून आलं. आमच्या मीटरवरून वायर मीच ओढून दिली. साहेबानं पंख्यापुढे बसून चहा घेतला, वहीत लिहिलं. आमच्याकडे नुसत्या भिंती दिसल्या. टीव्ही माळ्यावर गोधडीखाली होता. महिन्याभरानं ग्रामसभेत यादी वाचली. सासऱ्यांचं नाव होतं, धाकलीचं नव्हतं. “तुझ्याकडे पंखा आहे,” ग्रामसेवक म्हणाले. ती सासऱ्यांकडे वळली. “शेट, सांगा ना, पंखा तुमचा हाय.” सासरे उठले. “दिलेली वस्तू परत घेत न्हाय. पंखा तुजाच.” सभेनं टाळ्या वाजवल्या. धाकलीनं माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. घरी आल्यावर सासरे म्हणाले, “विनिता, तिची वायर काढून आन.”