हत्तीची कंबर

टेबलावर छापखान्यातून आलेली सोळा पानं पसरली होती आणि सोळाही पानांवर सगळे वाळलेले होते. हत्तीला कंबर आली होती. अस्वलाच्या गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. चंद्र तर उभ्या अंड्यासारखा.

प्रकाशकबाई फोनवर चिडल्या नव्हत्या, हे सुनेला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "लहान मुलांचं पुस्तक आहे गं. यांना कुणी जेवायला घालत नाही का? उद्या दुपारपर्यंत बघ काही होतंय का. नाही जमलं तर तसं सांग."

चित्रकार म्हणून सुनेचं हे पहिलंच पुस्तक. तिने फोन ठेवला आणि पानं गोळा करायला लागली.

"नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "माझा हातच गेलाय, बाबा. मला गोल दिसत होतं ते गोल नव्हतंच."

सासरे खिडकीपाशी कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. डोळ्यावरचं भिंग त्यांनी कपाळावर सरकवलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचा एक नियम असतो: घड्याळ चुकलं म्हणून आधी गिऱ्हाइकाला दोष द्यायचा नाही. त्यांनी आधी तिच्या यंत्राकडे पाहिलं. तिच्या टेबलावरची ती लांबरुंद स्क्रीन त्यांनीच आणली होती, दोन महिन्यांपूर्वी, बंद होणाऱ्या एका ऑफिसातून, रिक्षात मांडीवर धरून.

"एक वर्तुळ काढ," ते म्हणाले. "तुझ्या हातानं नको. कॉम्प्युटरला काढायला सांग."

तिने काढलं. सासऱ्यांनी खिशातून माप घ्यायचा कॅलिपर काढला आणि स्क्रीनच्या काचेला धक्का लागणार नाही असा धरला. आधी आडवा, मग उभा.

"आडवं ऐंशी मिलिमीटर. उभं साठ. हे गोल आहे होय? तुझा हात कुठे गेलेला नाही. ही बया सगळं ताणून दाखवतेय. तू बिचारी दिसायला बरोबर दिसेल एवढं काढत गेलीस, कागदावर ते आखडलं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुला आधी कधी जाणवलं नाही?"

सून पानांच्या कडा जुळवत राहिली. "अक्षरं पसरट दिसायची. पण तुम्ही एवढ्या हौसेनं आणली होती."

सासरे गुडघ्यावर बसले, स्क्रीनच्या पाठीमागे डोकं घातलं आणि भिंग लावून तिथलं लेबल वाचलं. "पंचवीसशे साठ बाय एक हजार ऐंशी ठिपके. तुझ्या इथे किती आहे?"

तिने सेटिंग उघडलं. "एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. यादीत पंचवीसशे साठ नाहीच. पण खाली 'स्वतः भरा' असं आहे."

"मग भर की."

तिने आकडे भरले. स्क्रीन काळी झाली. सुनेचा हात तोंडाशी गेला. "गेलं. सगळी चित्रं आहेत त्यात, बाबा."

"हात लावू नकोस." सासरे दुरुस्तीच्या घड्याळाकडे बघत सेकंद मोजू लागले. पंधराव्या सेकंदाला स्क्रीन आपली आपण उजळली, जुन्या मापासकट. सुनेनं श्वास सोडला.

"आता त्या आकड्याच्या खाली साठ लिहिलंय, ते कसलं?"

"रिफ्रेश रेट. एका सेकंदात स्क्रीन साठ वेळा चित्र नव्यानं काढते."

"साठ?" सासऱ्यांना त्या यंत्राची कीव आली. "हे घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं तर याला दर दोन-चार वर्षांनी तेल लागतं. आणि आपण काय केलं, चित्र रुंद केलं. म्हणजे काम वाढवलं. वायर तीच, जुनी. तिला झेपत नसणार. ठोके कमी कर."

"किती?"

"पन्नास."

"कशावरून?"

"कशावरून काही नाही. करून बघू. नाही चाललं तर पंधरा सेकंद थांबायचं, एवढंच ना?"

तिने पन्नास भरलं. स्क्रीन काळी झाली. सासरे तीनपर्यंत पोचले तोच स्क्रीन उजळली आणि अक्षरं आपापल्या अंगात नीट बसलेली दिसली. तिने घाईघाईनं 'ठेवा' दाबलं, वर्तुळ पुन्हा उघडलं. सासऱ्यांनी कॅलिपर लावला. आडवं साठ. उभं साठ. त्यांनी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा नुसतं बरं वाटावं म्हणून.

"ऐंशीचं साठ झालं होतं," सून पुटपुटली, "म्हणजे रुंदी सगळीकडे सारखीच वाढवायची. नव्यानं काही काढायलाच नको." ती हसत खुर्चीत बसली आणि एकेक पान उघडून रुंद करू लागली. चंद्र भरला. हत्तीची कंबर गेली आणि तो चांगला दार अडवून उभा राहिला. दर पानाला ती "बघा, बघा" म्हणत होती आणि सासरे स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले होते. खिडकीतलं घड्याळ तसंच उघडं पडलं होतं.

अकराव्या पानावर अस्वल होतं. ते रुंद झालं तसे सासरे पुढे वाकले. अस्वलाच्या कपाळावर भिंग होतं. समोर एक इवलंसं घड्याळ, आणि काम करताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं. छापलेल्या पानावर हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिथे ते कुणीतरी उपाशी अस्वल होतं.

त्यांचा हात आपल्या कपाळावरच्या भिंगाकडे गेला.

"पोट जरा जास्त झालंय," शेवटी ते म्हणाले.

"आता स्क्रीन बरोबर दाखवतेय, बाबा," सून म्हणाली.

सासऱ्यांनी खाली बघून सदरा थोडा ओढून घेतला, आणि ओठांच्या कोपऱ्यात आलेली जीभ आत घेतली.