मानाचा पाय

सहादूचा पाय पुन्हा एकदा उडाला आणि बाजूला बसलेल्या बहिरूचा जळफळाट झाला.

डॉक्टर, नर्स, सगळे सहादूभोवती. कुणी त्याच्या मांडीला रक्त थांबवायचा पट्टा बांधतंय, कुणी सलाईनची बाटली धरतंय, कुणी स्ट्रेचर आणतंय. बहिरू कपाळाला लाल रंग फासून मघापासून बोंबलत होता, "मेलो रं देवा, कोणी बघा रं!" त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एक पोरगी जाताजाता एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही तिकडे सावलीत बसा."

युद्ध चाललेल्या मुलखात जाणाऱ्या डॉक्टरांना तयार करायचं शिबिर सायखेड्याजवळच्या रानात भरलं होतं. पूर्वी तिथे द्राक्षबाग होती. वेली तोडल्या, लोखंडी अँगल काढले, काही अँगलचे कापलेले खुंट तेवढे गवतात राहिले. आता तिथे भोंग्यावर गोळीबार वाजायचा, वर ड्रोन घिरट्या घालायचं, धूर सोडला जायचा. जखमी म्हणून पडायला गावातली माणसं होती.

शिबिर चालवणारे देवव्रत सर सैन्यातले निवृत्त डॉक्टर. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. त्याला शेवटी बघा. जो गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी धावा."

बहिरू ओरडणारा. सहादू गप्प पडणारा.

दोघं एका आळीतले, एका वयाचे. तालमीत सहादू पुढे, भजनात सहादूचा आवाज वर, आणि आता मरण्यातही तोच सरस. शिबिराचा व्हिडिओ गावात मोबाइलवर फिरला तेव्हापासून पोरं त्याला हिरो म्हणू लागली. बहिरूची बायको बायडाबाईसुद्धा भाकरी थापता थापता म्हणाली, "सहादूभाऊजी काय पडत्यात वो! खरंच गेल्यागत. न् तुमी नुस्तं बोंबलता."

बहिरू अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने सरांना गाठलं. "साहेब, एकदा मला पाय द्या."

सर हसले. "बहिरूबाबा, ते गप्प पडायचं काम आहे. जमेल तुम्हाला?"

"जमंल म्हंजे? बघा तर खरं. नाय जमलं तर परत तोंड दाखवणार नाय."

"उद्या शेवटची परीक्षा आहे. पाहुणे येणार आहेत."

"मंग तर उद्याच द्या."

सरांनी जरा विचार केला. "ठीक आहे. उद्या चांगलं झालं, तर पुढच्या शिबिरालाही पाय तुमचाच."

सहादूला कळलं तेव्हा तो नुसता हसला. "घे की लेका. मला काय, मी बोंबलतो तुझ्याजागी." त्याला काहीच वाटलं नाही, हे बहिरूला जास्त लागलं.

परीक्षेच्या दिवशी जखमा रंगवणाऱ्या पूजाने बहिरूच्या मांडीला रबरी नळी चिकटवली आणि विजारीखालून मागे नेली. "बाबा, बांधाशी चुन्याची खूण केलीय, तिथंच पडा, नळी तेवढीच पुरते. मी वाळूच्या पोत्यांमागून पंप दाबते, मग रंग येईल. आणि पट्ट्याला भिऊ नका, तुम्हाला सैलच बांधतात. खरा आवळला तर माणूस गुरासारखा ओरडतो."

"मी नाय ओरडणार," बहिरू म्हणाला. "काय बी झालं तरी."

शिट्टी झाली. धूर सुटला, भोंगे धडधडू लागले. बहिरू धावला. चुन्याची खूण जवळ आली, पण ती बांधाच्या आड होती. मांडवात बसलेल्या पाहुण्यांना तिथून काय दिसणार? तो तसाच पुढे पळाला आणि थेट मांडवासमोर गवतात अंग टाकून दिलं. मांडीला काहीतरी चावल्यासारखं झालं. त्याने हूं की चूं केलं नाही.

रंग लगेच आला. कोमट आणि भरपूर. पूजाने आज हात सैल सोडला होता. विजार भिजली, माती लाल झाली. मांडवात एका बाईने तोंडाला पदर लावला. सहादूला कधी एवढा रंग मिळाला नव्हता.

आणि तेवढ्यात सहादूने बोंब ठोकली. हात काय नाचवतो, छाती काय बडवतो. गोळीबारात शब्द ऐकू येत नव्हते. त्याने एका पोराची बाही धरून ओढली. पोराने त्याला सावलीत नेऊन बसवलं. तो पुन्हा उठला.

बहिरू आतून पेटला. जन्मभर मी याच्या मागं उभा राहिलो. आज एक दिवस माझा, तर तेवढाही याला बघवत नाय!

पण वेदिका सहादूला ओलांडून पळत आली. या तरण्या डॉक्टरणीला परीक्षा पार पडली की लगेच युद्धाच्या मुलखात जायचं होतं. ती बहिरूशेजारी गुडघ्यांवर बसली. भराभर हात चालवून तिने मांडीला पट्टा घातला, शिकवल्याप्रमाणे सैलसर. मग त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "बाबा, काय काम करताय! अंगावर काटा आला माझ्या."

बहिरूला भरून आलं. भर उन्हात अंग गार पडत होतं, डोळे आपोआप मिटत होते. सहादूला इतकं कुठं साधलं होतं? मांडवातून सरांचा आवाज येत होता, "हे आमचे बहिरूबाबा. बघा, जरासुद्धा हलत नाहीत." बायडाबाई आज इथं पाहिजे होती, असं त्याला वाटलं.

सरांनी हात वर केला. भोंगे बंद झाले. रान एकदम गप्प झालं, आणि दोन पोरांच्या हातातून सुटायला धडपडणाऱ्या सहादूचे शब्द पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आले.

"म्याडम, पट्टा आवळा वो! पूजाताईची नळी बांधापाशी तुटून पडलीय!"