पहिला टाहो

"ओरडायचंच असेल तर इंग्रजीत ओरड, योलांडा," एफ्राईन बायकोच्या कानाशी कुजबुजला. त्याची नजर प्रसूतिगृहाच्या भिंतीवरच्या यंत्रावर खिळली होती. ते माणसाच्या आवाजावरून मातृभाषा ओळखायचं. शहरातल्या लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश मातृभाषेच्या लोकांचं प्रमाण त्यावर झळकत होतं: २४.९९ टक्के. राज्याने प्रत्येक शहराला मर्यादा घालून दिली होती. इथे पंचवीस भरले, की ज्यांच्यामुळे भरले त्या कुटुंबाने बिऱ्हाड उचलायचं.

योलांडाची नोंद इंग्रजी भाषक अशी होती. कळ आली की आईला मारलेली हाक स्पॅनिशमध्येच ओठांवर यायची. टॉवेल दातांत धरून ती हाक ती गिळत होती. चार तास तिने शब्द फुटू दिला नाही.

मुलगी झाली. एफ्राईन म्हणाला, "सुटलो!"

तेवढ्यात मुलीने टाहो फोडला.

"पोटात असताना जी भाषा कानावर पडते, तिचीच लय पहिल्या रडण्यात उतरते," नर्स डोरीन खाली मान घालून म्हणाली. "यंत्राला तेवढं पुरतं."

योलांडाला आठवलं, बाथरूमचा नळ सोडून आपण रोज पोटाशी स्पॅनिश अंगाई गुणगुणायचो.

यंत्रावर पंचवीस झळकले. लेकीचं तोंड दाबायला उचललेला हात योलांडाने मागे घेतला, तिला छातीशी धरलं आणि तीच अंगाई मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.